उभं न राहता पोर्ट्रेट फोटोग्राफी (इंदूर): माझी मांडणी आणि तीन प्रश्न

ओटला (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मी इंदूरची. तान्ही असताना पोलिओ झाला, डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर (आधाराची पट्टी) आहे. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, सगळीकडे फोटो काढत आले. काखेत कुबडी आणि गळ्यात कॅमेरा, अशीच मला इथली बरीच मराठी घरं ओळखतात. चाळिशी उलटल्यावर मात्र चांगला पायही थकायला लागला आणि खांद्यात ताकद राहीना. डॉक्टरांनी पोस्ट-पोलिओ सिंड्रोम सांगितलं. पोलिओ होऊन गेल्यावर १५ ते ४० वर्षांनी हे सुरू होऊ शकतं. ज्या मज्जापेशी वाचल्या त्यांनी इतकी वर्षं मेलेल्या पेशींचंही काम ओढलेलं असतं, त्या आता दमतात. यात जिद्दीनं जास्त राबलं तर ताकद वाढत नाही, उलट आहे ती लवकर जाते. म्हणून लग्नांची कामं बंद केली आणि रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत फक्त पोर्ट्रेट सुरू केली. स्थळासाठीचे फोटो, साठीशांतीचे, नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलांचे, म्हाताऱ्या जोडप्यांचे.

मांडणी सविस्तर लिहिते, कुणाच्या उपयोगी पडली तर बरं.

मी बसून फोटो काढते. ऑफिसातली चाकांची खुर्ची घेतली, हात काढून टाकले, चाकांना ब्रेक बसवून घेतले. फरशी गुळगुळीत आहे, चांगल्या पायानं ढकलत पुढे-मागे होता येतं. समोरचा माणूसही बसतो. दोघांचे डोळे एका उंचीला आले की चेहऱ्याच्या फोटोचं निम्मं काम झालं. लेन्स डोळ्यांच्या खाली गेली की नाकपुड्या आणि हनुवटीखालचा भाग पुढे येतो, मग माणूस कितीही देखणा असो.

पूर्ण उंचीचा फोटो बसून काढणं मला उलट सोयीचं पडतं. खुर्चीवरून माझी लेन्स जमिनीपासून सुमारे ११५ सेंटिमीटरवर येते, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीच्या आसपास. नखशिखांत फोटोला हीच उंची बरी. उभ्यानं डोळ्याला कॅमेरा लावून काढला तर पाय आखूड दिसतात. नऊवारीतल्या बायकांचे असे फोटो बसूनच सुंदर येतात, हे माझं ठाम मत.

अडतं ते मधल्या फोटोंना, म्हणजे माणूस उभा आणि फोटो कमरेपर्यंतचा. तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर वर चढवते, कॅमेऱ्याचा वळणारा पडदा खाली वळवते आणि खालून बघते. कॅमेरा आता डोळा स्वतः शोधून फोकस धरतो, त्यामुळे डोळा काचेला लावून बसावं लागत नाही. लेन्स ५० मिमीची, कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा. डोकं-खांद्यांच्या फोटोला दीड-दोन मीटर अंतर पुरतं, तेवढी खोली आहे. वजन सगळ्यात महत्त्वाचं. लग्नात गळ्यात असायचा तो कॅमेरा आणि झूम मिळून दोन किलोच्या वर जायचा. आता हातात जे असतं ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नाही.

दिवे जमिनीवर ठेवतच नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी पाइप ठोकून घेतला आणि मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) त्यावर सरकता टांगला. स्टँडचे तीन पाय आणि वायरी यांत कुबडी अडकते, आणि आमच्यासारख्यांना पडणं परवडत नाही. फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरवरून कमी-जास्त होते, उठावं लागत नाही. दिवसात दोनच बैठका घेते, मध्ये आडवं व्हायला वेळ ठेवते.

आता प्रश्न.

एक, कुटुंबाचा ग्रुप फोटो. दहा-पंधरा माणसं आली की बसून मागची रांग दिसत नाही. काय करावं?

दोन, वरच्या मजल्यावर राहणारे, घराबाहेर न पडू शकणारे म्हातारे लोक. त्यांचे फोटो काढावेत अशी फार इच्छा आहे, पण जिने चढवत नाहीत.

तीन, सगळ्यात अवघड. एकानं फोनवर भाव ठरवला आणि दारात मला बघून 'मग थोडं कमी करा ना' म्हणाला. दुसरीकडे एका काकूंनी फोटो आवडल्यावर ठरल्यापेक्षा जास्त पैसे हातात कोंबले, 'असू दे गं, तुझ्यासारखीला तेवढीच मदत'. दोन्ही वेळा रात्री झोप लागली नाही. तुम्ही काय बोलता अशा वेळी?

लष्करवाला

ताई, मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागात आमचा दोन पिढ्यांचा स्टुडिओ आहे. पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

ग्रुपला कॅमेरा उंच हवा, फोटोग्राफर उंच असायची गरज नाही. ट्रायपॉड सात फुटांपर्यंत चढवा, मधल्या दांड्याला वाळूची पिशवी लटकवा, कॅमेरा फोनला किंवा टॅबला जोडा आणि तुम्ही खाली खुर्चीत बसून पडद्यावर बघा. ट्रायपॉड चढवायला मदतनीस लागेल, तो घ्याच. पुढे लहान मुलं सतरंजीवर, मग खुर्च्या, मग उभे. दोन-तीन रांगा असल्या तर लेन्सचं छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवा आणि फोकस पहिल्या ओळीवर न धरता त्याच्या किंचित मागे धरा. खोलीत मावत नसतील तर घरापुढच्या ओटल्याच्या (ओट्याच्या) पायऱ्यांवर बसवा, रांगा आपोआप लागतात. दुपारी चारनंतर सावली असेल ती बाजू निवडा.

आणखी एक. माझे वडील यशिकाच्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यावर काम करत. तो पोटाशी धरून वरून खाली बघायचा. मोठ्या प्लेट कॅमेऱ्यावर तर फोकस झाला की काळ्या कापडातून बाहेर यायचं, कॅमेऱ्याच्या बाजूला थांबायचं, समोरच्याशी बोलायचं आणि रबरी फुगा दाबायचा. माणसाला समोर फोटोग्राफरचा चेहरा दिसायचा. डोळ्याला कॅमेरा लावून चेहरा झाकणं ही नंतरची रीत. तुम्ही करताय ते पोर्ट्रेटच्या जुन्या पद्धतीच्या जास्त जवळ आहे.

सरळमार्गी

राग मानू नका, मनापासून विचारतो. तुमच्याकडे इतका अनुभव आहे, तर एडिटिंग, अल्बम डिझाइन, जुन्या फोटोंची दुरुस्ती असं घरबसल्या काम का नाही करत? उत्पन्न नियमित, दगदग नाही, कुणाच्या नजरा नाहीत. माझा चुलतभाऊ अपंग आहे, त्याला मी हेच सुचवलं.

ओटला

राग नाही. पण हा सल्ला मला सगळ्यांनी दिलाय, म्हणून नीट उत्तर देते.

पहिली गोष्ट शरीराची. रिटचिंगला तासन्‌तास माउस धरून बसावं लागतं आणि माझा खांदाच दुबळा आहे. पोर्ट्रेटच्या एका तासात मी बोलते, हलते, थांबते, खांद्यावर सलग ताण नाही. बाहेरून जे आरामाचं दिसतं ते आमच्या शरीराला आरामाचं असेलच असं नाही, हे ज्याचं त्यालाच ठरवू द्यावं.

दुसरी गोष्ट, मला माणसं बघायला आवडतात. समोर कुणीतरी अवघडून बसलंय आणि बोलता बोलता त्याचे खांदे खाली येतात, ओठ सैल होतात, तो क्षण मला दिसतो. हे मला येतं. जे येतं ते मी का सोडू? नजरा चुकवायला घरात बसायचं तर नजरा कधीच बदलणार नाहीत.

तुमच्या चुलतभावाला काय आवडतं ते एकदा विचाराल का?

मांडवीपासून जवळ

मी बडोद्याचा. अपघातात मणक्याला मार लागला, कमरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअर वापरतो. पोर्ट्रेटच करतो, मुख्यतः लहान मुलांची. बाकीचे फोटोग्राफर मुलांसाठी गुडघ्यांवर बसतात, मी आधीपासूनच त्या उंचीला असतो. तीन-चार वर्षांची पोरं माझ्याशी जितकी पटकन बोलतात तितकी उभ्या माणसाशी बोलत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी घरी जाऊन काम करतो, पण आधी फोनवर सगळं विचारून घेतो: पायऱ्या किती, दरवाजा किती रुंद, लिफ्टमध्ये खुर्ची मावेल का. लोकांना अंदाज नसतो, म्हणून व्हिडिओ मागवतो. घडीचा उतार गाडीत ठेवतो, पण तो एखाद-दुसऱ्या पायरीपुरताच. प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीला १.८ मीटर लांब उतार. तीन पायऱ्या झाल्या की सरळ नाही म्हणतो, किंवा त्यांच्या अंगणात, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या बागेत बसवतो. चार जणांनी खुर्चीसकट उचलून न्यायला मी तयार होत नाही. एकदा तरी कुणाचा हात सुटतोच.

पण ताई, तुमच्या बाबतीत वेगळं सुचवतो. वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडे तुम्ही स्वतः जायलाच हवं असं नाही. मदतनीस पोरगा कॅमेरा आणि एक दिवा घेऊन वर जातो, तुम्ही व्हिडिओ कॉलवर आणि कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर. आजोबांशी तुम्ही बोला, कुठे बसवायचं, कुठली खिडकी उघडायची ते तुम्ही सांगा, बटण दाबायची वेळही तुमचीच.

तिसऱ्याबद्दल. बुकिंग झालं की मी एक ठरावीक संदेश पाठवतो: 'मी व्हीलचेअरवरून काम करतो. फोटोला साधारण एक तास लागेल. दर असा आहे, तो बदलत नाही.' दारात आल्यावरचा धक्काच निघून जातो आणि ज्याला घासाघीस करायची तो तिथेच गळतो. जास्त पैसे देणाऱ्यांना म्हणायचं, 'पुढच्या फोटोचे आगाऊ म्हणून लिहून ठेवू का?' निम्मे लोक पुढच्या वेळी येतात. मग ते गिऱ्हाईक असतात, दाते नाहीत.

आईच मी

इतकं वाचून धीर आला म्हणून लिहिते. माझी मुलगी पंधरा वर्षांची, आम्ही इंदुरात सुदामा नगरला राहतो. जन्मापासून उजव्या हाताला बोटं नाहीत, मनगटाच्या पुढे छोटासा भाग आहे. मोबाइलवर फार छान चेहरे टिपते, आजीचे, कामवाल्या मावशींचे. आता कॅमेरा मागतेय. दुकानात गेलो तर प्रत्येक कॅमेऱ्याचं बटण उजवीकडे. दुकानदार म्हणाला, हिला कॅमेरा काय करायचा. ती त्या दिवसापासून गप्प आहे. डाव्या हाताचा कॅमेरा मिळतो का?

तारा जोडणारा

वहिनी, मिळत नाही, पण मार्ग आहेत. पूर्वी एक होता. जर्मनीतला एक्झॅक्टा, १९३६ पासूनचा ३५ मिमीचा कॅमेरा, त्याचं बटण आणि फिल्म ओढायची खिट्टी दोन्ही डावीकडे होती. नंतर कुणी तसा बनवत राहिलं नाही.

आजचे उपाय असे. कॅमेरा चक्क उलटा धरायचा. बटण डाव्या हाताला येतं, चित्र संगणकात सरळ करता येतं, आणि पडदाही कॅमेऱ्याबरोबर उलटा होत असल्यामुळे फोटो काढताना चित्र सरळच दिसतं. तळाला ट्रायपॉडचं भोक असतं, तो भाग आता वर येतो, तिथे पट्टी किंवा मूठ बसवली की दंडाचा आधार देता येतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. कॅमेरा मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर), आणि शटर वेगळ्या बटणावर. पुष्कळ कॅननमध्ये रिमोटसाठी २.५ मिमीचा छोटा जॅक असतो. त्यात तीनच तारा: एक सामाईक, एक फोकसची, एक शटरची. सामाईक आणि फोकस जोडली की फोकस, शटरही जोडली की फोटो. यात कुठलाही साधा स्विच चालतो. पायानं दाबायचा, कोपरानं दाबायचा, डाव्या मुठीत धरायचा. कॅमेरा घेताना हा जॅक आहे ना एवढं बघा, सगळ्या नव्या मॉडेलांत नसतो. नसला तर ब्लूटूथ रिमोट. मी इंदुरातच असतो, स्विच बनवून देईन, पैसे फक्त सामानाचे.

आणि त्या दुकानात परत जाऊ नका. मुलीला घेऊन दुसऱ्या दुकानात जा, तिलाच प्रश्न विचारू द्या.

ओटला

'आईच मी', मुलीला माझ्याकडे घेऊन याल का? व्हीलचेअर, कुबडी किंवा बोटं नसलेला हात असलेल्या माणसानं कॅमेरा धरलेला तिनं प्रत्यक्ष बघितलेलाच नसेल. माझ्याकडे बैठक चालू असताना बसू दे. दिवा सरकवायला मला माणूस हवाच आहे. तिला शिकता येईल, आणि मी तिला कामाचे पैसे देईन.

जुनी प्लेट

इंदूरचा विषय निघालाय म्हणून थोडं भूतकाळातलं. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये रुडकीहून शिकून इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. कॅमेरा त्यांनी नंतर, १८७० च्या दशकात, इथेच हातात घेतला आणि पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळात काचेच्या प्लेटा, रसायनं, जड लाकडी कॅमेरा, सगळं उचलायला आणि धुवायला माणसांचा ताफा असे. त्यांच्या स्टुडिओत मोठा नोकरवर्ग होता. १८९२ मध्ये हैदराबादला पडदानशीन बायकांसाठी त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तो एक इंग्रज बाई चालवत. फोटो मात्र दीनदयाळांचेच म्हणून ओळखले गेले. मदतनीस घेतला तर फोटो आपला राहत नाही असं आजच्या अपंग फोटोग्राफरला जे ऐकवलं जातं, ते कुठल्याच मोठ्या स्टुडिओला कुणी ऐकवलेलं नाही. एक्सपोजर लांब असल्यामुळे त्या काळचे बहुतेक पोर्ट्रेट बसवूनच काढलेले असत, मानेला मागून लोखंडी आधारसुद्धा लावत. बसलेलं पोर्ट्रेट म्हणजे तडजोड, असं कुणाला तेव्हा वाटलं नाही.

अमेरिकेतली छायाचित्रकार डोरोथिया लँग सर्वांना माहीत असेल. १९०२ मध्ये, सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. सॅन फ्रान्सिस्कोत तिचा श्रीमंत घराण्यांची पोर्ट्रेट काढणारा स्टुडिओ होता. मंदीच्या काळात ती स्टुडिओ सोडून रस्त्यावर फोटो काढायला लागली, आणि १९३६ मधला तो स्थलांतरित मजूर आईचा फोटो तिचाच. आपल्या लंगडण्यानं आपल्याला घडवलं, शिकवलं, मदत केली आणि अपमानही केला, असं तिनं म्हटलंय. यातलं 'अपमानही' लोक गाळतात. मला वाटतं गाळू नये. ब्रिटनचा छायाचित्रकार जाइल्स ड्यूली २०११ मध्ये अफगाणिस्तानात स्फोटात दोन्ही पाय आणि डावा हात गमावून बसला, आणि पुन्हा कामावर परतला, लढायांत होरपळलेल्या लोकांचे चेहरे टिपायला.

सरळमार्गी

ओटला ताई, चुलतभावाला फोन केला. त्याला फोटोत रस नाही, त्याला गाड्यांच्या बॅटऱ्यांचं काम करायचंय. मी त्याला इतकी वर्षं अल्बमचं काम सुचवत होतो.

भांडवलाबद्दल एक माहिती देतो, हे माझ्या क्षेत्रातलं आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अपंग अर्जदार विशेष गटात येतो. स्वतःचा वाटा ५ टक्के, अनुदान शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के, उरलेलं बँकेचं कर्ज. अर्ज ऑनलाइन, जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. अट एकच मोठी: व्यवसाय नवा हवा, आधीच चालू असलेल्याला मिळत नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढून ठेवा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. त्यामुळे जुन्या काळी नकार मिळालेल्यांनीही पुन्हा बघावं.

मांडवीपासून जवळ

धागा कॅमेऱ्याच्या मागच्या माणसाबद्दल आहे, पण पुढच्याबद्दलही थोडं लिहितो, कारण आपल्याकडे अपंग गिऱ्हाईक विश्वासानं येतं.

मी आधी विचारतो: खुर्ची फोटोत हवी की नको? कुबडी हातात ठेवायची? हात दिसू द्यायचा? मनानं ठरवून कापायचं नाही, मनानं ठरवून दाखवायचंही नाही. स्थळासाठीच्या फोटोत आईवडील नेहमी 'झाकून टाका' म्हणतात आणि मुलगी गप्प बसते. अशा वेळी मी आईवडिलांना चहाला बाहेर पाठवतो आणि तिला विचारतो. दोन्ही प्रकारचे फोटो काढून देतो, निवड तिची.

अर्धांगवायूनं चेहऱ्याची एक बाजू ओघळली असेल तर बरेच जण ती बाजू अंधारात ढकलतात. मी मुख्य प्रकाश मऊ आणि समोरून, थोडा वरून ठेवतो आणि माणसाला हसायला सांगत नाही. हसताना दोन बाजूंतला फरक वाढतो. त्याच्या नातवाबद्दल विचारतो, डोळे बोलायला लागले की फोटो घेतो.

ओटला

हे वाचून मी माझ्या बुकिंगच्या संदेशात आजच दोन ओळी घातल्या: 'मी बसून काम करते, तुम्हीही आरामात बसाल. काठी, वॉकर, व्हीलचेअर घेऊन येता येईल, दाराशी उतार आहे.' उतार पूर्वीपासून आहे, माझ्यासाठीच केलेला. तो गिऱ्हाइकांना सांगावा हे सुचलं नव्हतं. दरही त्याच संदेशात टाकला.

दिवाळीसाठी ओटल्यावर ग्रुप फोटो घ्यायचं ठरलं. लष्करवाले काका, ट्रायपॉड सात फुटांवर असताना वाऱ्याचं काय करता?

मांडवीवाले दादा, तुम्ही कॅमेरा खुर्चीलाच अडकवता असं मागे एका धाग्यात वाचलं होतं. माझ्या चाकाच्या खुर्चीला तसं जमेल का? खांद्यावरचं उरलेलं वजनही जाईल.

लष्करवाला

वाऱ्याला पिशवी वजनदार ठेवायची, पाय पूर्ण फाकवायचे आणि दांडा शक्य तितका खाली ठेवून पायांनीच उंची घ्यायची. दिवाळीत पोरं धावत असतात, एक माणूस ट्रायपॉडपाशी उभाच ठेवा.

मांडवीपासून जवळ

जमेल. पाइपला पकडणारा सुपर क्लॅम्प आणि त्यावर सांध्यांचा हात, ज्याला मॅजिक आर्म म्हणतात. माझ्या खुर्चीला मी तो बाजूच्या चौकटीच्या नळीला लावतो, उचलून निघणाऱ्या हाताला कधीच नाही, तो निसटतो. तुमच्या ऑफिसच्या खुर्चीला पाठीच्या दांड्याला लावाल तर हात फार लांब येईल आणि डुलेल. बसण्याच्या तळाखाली वेल्डिंगवाल्याकडून आडवी नळी जोडून घ्या, तिच्या पुढच्या टोकाला क्लॅम्प. कॅमेऱ्याचं वजन पुढे येतं, म्हणून चाकं पाच असलेलीच खुर्ची ठेवा. श्वासाबरोबर थोडं हलतं, पण फ्लॅश असला की काही बिघडत नाही, नुसत्या खिडकीच्या प्रकाशात शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या खाली नेऊ नका. नळी जोडायला नेण्याआधी मापाचा फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.